मुलाकातीची वही

परवा रात्री साडेनऊला दार वाजलं. ओळखीतली एक बाई, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, बरोबर धाकटा दीर. तिच्या नवऱ्याला दुपारी उचललं होतं. बसायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, तुमाला ह्यातलं सगळं ठाऊक हाय म्हणत्यात."

सगळं नाही ठाऊक. मी ब्लाउज शिवते, सिझनला शाळेचे गणवेश शिवते. माझे मिस्टर एका पतसंस्थेत कॅशियर होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना अटक झाली आणि जुलै २०२५ मध्ये ते जामिनावर घरी आले. सतरा महिने. गुन्ह्यात कुणाचं किती, ह्याबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही. खटला अजून उभा आहे, आणि ज्यांचे पैसे अडकले त्यातली निम्मी माणसं माझ्याच आळीत राहतात. कोणता तुरुंग तेही लिहीत नाही. पण त्या सतरा महिन्यांत मी एक दोनशे पानी वही भरवली. परवा त्या बाईला जे सांगितलं ते सगळं त्या वहीतलंच. दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

सुरुवात पीसीआर आणि एमसीआरपासून. अटक झाल्यापासून चोवीस तासांच्या आत माणसाला न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं, आणि कुठे ठेवलंय ते घरच्याला कळवावं लागतं. कोर्टाने पोलीस कोठडी दिली की तो पीसीआर, म्हणजे चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात. न्यायालयीन कोठडी दिली की एमसीआर, म्हणजे तुरुंग. आमचा एमसीआर झाला तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात मटकन खाली बसले. वकिलांचा कारकून म्हणाला, "वहिनी, रडता काय, हे बरं झालं. आता जामिनाचा अर्ज टाकता येतो." त्या दिवशी मला तो माणूस दगडाच्या काळजाचा वाटला होता. बरोबर बोलत होता तो.

ह्याच तारखेला एक काम करून घ्यायचं, जे मी केलं नाही. माणसाला बीपी, शुगर, फिट्स, काहीही असेल तर वकिलाला सांगून ते कोर्टापुढे मांडायचं आणि 'औषधं द्यावीत' असं आदेशात लिहून घ्यायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडायची. खिशातली गोळ्यांची पट्टी गेटवर काढून घेतात. आत तुरुंगाचे डॉक्टर असतात, पण कागद पोचेपर्यंत आमच्या ह्यांना अकरा दिवस बीपीची गोळी मिळाली नाही.

वकिलाचंही तसंच. माणूस आत असला की वकीलपत्रावर त्याची सही तुरुंगातून घ्यावी लागते, अधिकाऱ्याच्या शिक्क्यानिशी. त्यात आठवडा सहज जातो, म्हणून पोलीस कोठडीत असतानाच दोन-तीन वकीलपत्रांवर सह्या घेऊन ठेवल्या तर पुढचे हेलपाटे वाचतात. आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी गप्प बसू नका. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा आहे. त्यात कोठडीत असलेल्या माणसाला, त्याचं उत्पन्न काहीही असो, फुकट वकील मिळायचा हक्क आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारातच त्यांचं ऑफिस असतं. आता तर 'लोकअभिरक्षक' म्हणून खास आरोपींच्या बाजूने उभे राहणारे वकील नेमलेत. फोन नंबर १५१००. मला हे सहाव्या महिन्यात कळलं, तोवर पाटल्या गेल्या होत्या. खाजगी वकील लावला तर दिलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद ठेवा, आणि आरोपपत्राची एक झेरॉक्स घरी हवीच. वकील बदलायची वेळ आली तर कागद आपल्या कपाटात असलेले बरे.

नव्वद दिवसांचं वेगळं सांगते, कारण त्यात बरेच जण फसतात. पोलिसांनी ठरावीक मुदतीत आरोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामीन हक्काने मिळतो. मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात, म्हणजे फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्यावर, ही मुदत ९० दिवस. बाकीच्यांत ६०. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज पेन्सिलीने आकडा टाकत होते. अट अशी, की मुदत संपली की लगेच आपला अर्ज कोर्टात पडला पाहिजे. अर्ज पडायच्या आत आरोपपत्र आलं तर तो हक्क गेला. आमचं आरोपपत्र ८६ व्या दिवशी आलं. चार खोल्या भरतील एवढे कागद. आत्या (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "एवढं ल्हिवायला तरी कधी बसली ही माणसं?"

आता मुलाकात.

माझी पहिली मुलाकात झालीच नाही. तालुक्याहून एसटीने अडीच तास, दहा वाजता पोचले तर नावनोंदणी बंद. आधार कार्ड होतं, पण झेरॉक्स नव्हती. हातात शिरा भरलेला डबा. गेटवरच्या हवालदाराने डब्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. तेव्हा रांगेतल्या एका म्हातारीने मला बाजूला घेतलं. तिचा मुलगा तीन वर्षं आत होता. सगळे तिला अक्का म्हणायचे. "नवी दिसतीस. शिरा खा आता तू, न्हायतर कुत्र्याला घाल," म्हणाली, आणि माझ्याकडून पेन मागून माझ्याच हातावर तुरुंगाच्या खिडकीची वेळ लिहायला लावली. वही त्या दिवशी संध्याकाळी घेतली.

अक्काकडून शिकलेलं असं. सातच्या आत पोचायचं. पहिली एसटी नसेल तर मुक्कामाची पकडायची. आधारच्या पाच झेरॉक्स कायम पिशवीत. कैद्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, यूटी नंबर (तुरुंगातला कैदी क्रमांक), गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, कोर्ट, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, कारण खिडकीवर घाबरून आपल्याला नवऱ्याचं नावही आठवत नाही. मोबाईल आत जात नाही. समोरची पानटपरी दहा रुपयांत सांभाळते, पण सिमकार्ड काढून घ्यायचं. आमच्या तुरुंगात कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला चालू असलेल्याला, आठवड्यातून एक भेट होती, वीस मिनिटांची. पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांचे दिवस वेगळे. प्रत्येक तुरुंगाबाहेर पाटी असते. ती आपल्या डोळ्यांनी वाचायची, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही.

मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून मी दर आठवड्याला जाऊ शकले. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ई-मुलाकात आहे. सरकारच्या ई-प्रिझन्स पोर्टलवर नाव नोंदवायचं, मोबाईलवर ओटीपी येतो, तुरुंगाने मंजूर केलं की व्हिडिओवर बोलणं. भाचा पुण्याहून तसंच बोलायचा. नेट गेलं की वेळही गेली, पण आत्यांना गुडघ्यामुळे एसटी चढवत नव्हती, त्यांना तेवढंच मुलाचं तोंड दिसायचं.

खायचं काही चालत नाही. घरचा डबा हवा तर कोर्टाचा आदेश लागतो, आणि तो सहजी मिळत नाही. कपडे चालतात, कारण कच्चा कैदी स्वतःचे कपडे घालतो. पण कपडे म्हणजे काय, ह्यात माझा धंदाच असून मी चुकले. पहिल्यांदा नेलेले दोन लेंगे परत आले: नाडा चालत नाही. पुढच्या वेळी इलॅस्टिक घालून पँट नेली, खिशाला चेन होती म्हणून ती परत. मग घरी बसून चार पँटी शिवल्या, बिनखिशाच्या, बिनचेनच्या, कमरेला रुंद इलॅस्टिक, आणि पाठीमागे आतून पांढऱ्या दोऱ्याने नावाचं पहिलं अक्षर, म्हणजे धुतल्यावर अदलाबदल होणार नाही. त्या पास झाल्या. नंतर रांगेतल्या बायका मापं द्यायला लागल्या. चाळीस रुपये शिलाई घ्यायचे. अक्काकडून काहीच नाही.

पैसे आत रोख देता येत नाहीत. कैद्याच्या नावावर खातं असतं, पीपीसी म्हणतात, त्यात मनीऑर्डरने पैसे जातात, आणि त्यातून तो कॅन्टीनमधून साबण, ब्रश, बिस्किटं, फरसाण घेतो. महिन्याला किती खर्च करता येतो ह्यावर मर्यादा असते. २०२१ साली राज्यात ती ४,५०० रुपये होती, पुढे वाढवली. आजचा आकडा पाटीवर बघा. पोस्टाचं कमिशन वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे दोन हजार पाठवायला शंभर जास्तीचे. मी महिन्याला दीड हजार पाठवायचे.

ह्या मनीऑर्डरीचं एक सांगते. फॉर्मवर पत्ता 'मा. अधीक्षक, कारागृह' असा. पोस्टातल्या माणसाने तो मोठ्याने वाचला, "कारागृह? कुणाला पाठवायचंय?" मागे रांगेत आमच्याच संस्थेच्या ठेवीदार दोघी उभ्या. एक भाजी विकणारी मावशी, तिचे अडतीस हजार अडकलेले. ती माझ्याकडे बघून काही बोलली नाही. मी पैसे भरले आणि बाहेर येऊन उन्हात उभी राहिले. तिच्या जागी मी असते तर मनीऑर्डर बघून काय वाटलं असतं, हा विचार अजूनही पाठ सोडत नाही. पुढच्या महिन्यापासून मी चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावच्या पोस्टात जायला लागले. त्याने तिचं काही भलं झालं नाही, मला तेवढं सोपं गेलं.

एकदा पैसे बुडालेही. गेटबाहेर एक इसम घुटमळायचा. 'स्पेशल मुलाकात', 'चांगली बराक', 'आत गादी', सगळ्याचे त्याच्याकडे दर. दुसऱ्या महिन्यात मी त्याला दोन हजार दिले. ह्यांना विचारलं तर ह्यांना त्यातलं काहीच माहीत नाही. तो इसम पुढच्या आठवड्यात मला ओळखच दाखवेना. अक्का म्हणाली, "मी बी दिल्यालं. परत्येक नवी बाई देती." तिने आधी का नाही सांगितलं, ह्याचा मला राग आला होता. पण आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, देव जाणे.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले ते.

मुलाकातीला काचेपलीकडे माणूस, अलीकडे आपण, मध्ये इंटरकॉमचा फोन. बोलणं कुणी ऐकू शकतं, म्हणून खटल्याबद्दल तिथे बोलायचं नाही, पत्रातही लिहायचं नाही. पत्रं तपासूनच पुढे जातात. खटल्याचं बोलणं वकिलाच्या भेटीत. मग वीस मिनिटांत काय बोलायचं? आम्ही दोघंही एकच वाक्य बोलायचो. "इकडे सगळं बरं आहे." मी पाटल्या मोडल्या ते सांगितलं नाही. त्यांनी आतलं काही सांगितलं नाही. दोघांनाही वाटायचं आपण समोरच्याला सांभाळतोय.

आमचा सोनू तेव्हा तिसरीत. त्याला मी सांगितलं होतं, बाबा ट्रेनिंगला गेलेत. दीड महिना ते चाललं. मग शाळेत एका मुलाने सगळ्यांसमोर सांगितलं, तुझा बाप जेलात आहे, माझ्या आजीचे पैसे खाल्ले. सोनू घरी येऊन मला एवढंच म्हणाला, "तू मला आधी सांगायचं होतंस." मारामारी नाही, रडणं नाही. त्या रात्री मी त्याला जेवढं झेपेल तेवढं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन भेटले. बाई चांगल्या निघाल्या. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना हात जोडून सांगते, शाळेत कळायच्या आत घरात कळू द्या.

त्यानंतर सोनू माझ्याबरोबर यायला लागला, सुट्टीच्या दिवशी मुलाकात लागली तर. एकदा त्याने चित्र काढून आणलं. आमचं घर, दारातला शेवगा, मी मशीनवर, आजी, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. त्याने ते काचेला लावलं, दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. ह्यांनी बघितलं, मान हलवली, फोनवर म्हणाले, "छान काढलंय रे." सोनूने कागद तसाच धरून ठेवला. बराच वेळ. मग खाली घेतला.

बाहेर आल्यावर टपरीवरून मोबाईल घेताना म्हणाला, "आई, बाबांना दिसलंच नाही."

"छान म्हणाले की."

"मी खाली लिहिलं होतं, हे वाचून दाखवा. त्यांनी वाचलंच नाही. चष्मा नव्हता त्यांना."

मी वीस मिनिटं समोर बसून हे बघितलं नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण मला वाटलं काढून ठेवला असेल. पुढच्या मुलाकातीला खोदून विचारलं तेव्हा कळलं. पहिल्याच महिन्यात काडी तुटली, मग एक काच पडली. चार महिने ते तसेच. सोनूची अंतर्देशीय पत्रं दुसऱ्या कैद्याकडून वाचून घेत होते. आणि वकील आरोपपत्रातली पानं सही करायला पुढे ठेवायचे तेव्हा न वाचता सही. "तुला कशाला ताप द्यायचा," म्हणाले. मला इतका राग आला की काचेवर हात आपटला, आणि हवालदार आला.

चष्म्याला साधा मार्ग होता. नंबरच्या कागदाची झेरॉक्स, अधीक्षकांच्या नावे अर्ज, तुरुंगाच्या डॉक्टरांची शिफारस, आणि प्लास्टिकच्या फ्रेमचा चष्मा. सतरा दिवसांत आत गेला. दातांचं, कानाच्या मशीनचं, कमरेच्या पट्ट्याचं, सगळ्याचं असंच. अर्ज लिहा, दोन प्रती करा, एका प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं तोंडीच राहतं. त्या दिवसानंतर आम्ही ठरवलं, 'बरं आहे' हा शब्द मुलाकातीत वापरायचा नाही. मी घरून तीन प्रश्न वहीत लिहून न्यायचे: काय दुखतंय, काय संपलंय, कोर्टात काय झालं. उत्तरं बसमध्ये लिहायची. पाटल्यांचंही सांगून टाकलं. ते गप्प बसले, पण पुढच्या आठवड्यात त्यांनीच एका कर्जाची गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. वेळीच कळलं म्हणून हप्ते थकले नाहीत.

घर चालवायचं तर मध्ये मध्ये त्यांची सही लागतेच. बँक, गॅस, शाळेचा दाखला, जमिनीचं काही. तुरुंगातून मुखत्यारपत्रावर सही होते, अधिकाऱ्याच्या साक्षांकनासह. पहिल्या महिन्यातच वकिलाला सांगून करून घ्या. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. आई किंवा बाप तुरुंगात असलेल्या मुलांनाही ती लागू होते, आणि २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये आहेत. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज. मला अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं, आणि पैसे सुरू व्हायला सात महिने लागले, पण लागले. मुंबईकडच्यांना टाटा इन्स्टिट्यूटच्या 'प्रयास'ची माणसं तुरुंगात आणि कोर्टात भेटतात, १९९० पासून ते हेच काम करतात. शिक्षा झालेल्यांच्या मुलांसाठी काही तुरुंगांत 'गळाभेट' होते. त्या दिवशी काच नसते, मूल बापाच्या मांडीवर बसतं. आम्ही कच्चे, आम्हाला ती नव्हती. पॅरोल आणि फर्लो, म्हणजे अभिवचन रजा आणि संचित रजा, ह्याही पक्क्या कैद्यांच्याच. कच्च्या कैद्याला घरी मयत झालं तरी कोर्टापुढेच जावं लागतं.

तारखांचं काय सांगू. मी सुरुवातीला प्रत्येक तारखेला कोर्टात जायचे. निम्म्या वेळा 'पार्टी मिळाली नाही', म्हणजे आणायला पोलीस नाहीत. उरलेल्या वेळा व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्स), पडद्यावर दोन मिनिटं. मग भाच्याने मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप टाकून दिलं. खटल्याचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख, काय झालं, सगळं दिसतं. वकील 'बघतो, कळवतो' म्हणाले तरी आपल्याला आपलं कळतं. रोजनाम्याची, म्हणजे त्या तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, नक्कल काढायला शिका. एकदा ती वाचली म्हणून मला कळलं की तारीख आमच्याच वकिलांनी मागून घेतली होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये रांगेत एकदम वारं फिरलं. सगळ्यांच्या तोंडी 'एक तृतीयांश'. नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, १ जुलैपासून आला होता. त्याच्या ४७९ कलमात असं आहे, की पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडायचं, बाकीच्यांना निम्म्यावर. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, जुन्या केसेसनाही हे लागू. अक्काने मला पेढा दिला. मी वकिलांकडे पळाले. ते म्हणाले, "ताई, तुमच्याकडे ४०९ कलम आहे. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप, त्याला हे नाही. आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही." परत येताना एसटीत मी तो पेढा पिशवीत चुरगळलेला बघितला. पण अक्काच्या मुलाच्या कलमाला ते बसत होतं. त्याचं नाव तुरुंगाने कोर्टाकडे पाठवायला हवं होतं, नियमच तसा आहे. अक्काने स्वतः अर्ज देऊन विचारलं तेव्हा यादीत आलं. तो दिवाळीला घरी होता. त्यानंतर अक्का रांगेत दिसली नाही, आणि खरं सांगते, मला तिची सवय झाली होती.

आमचा जामीन जिल्ह्यात फेटाळला गेला, मग हायकोर्ट. मुंबईच्या चार फेऱ्या झाल्या. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांचा तो त्रास वाचला. आम्ही महिनाभर आधी सुटलो, म्हणजे मुंबईचा खर्च करूनच.

जामीन मिळाला म्हणजे माणूस घरी आला असं नाही. आदेशात ५० हजारांचा जातमुचलका (आरोपीची स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार. माझा दादा उभा राहिला, पण त्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा. मामांचा सातबारा कोरा, पण चार भावांत सामाईक. ऐपतीचा दाखला तहसीलमधून येईपर्यंत महिना गेला असता. वकिलांनी आधीच अर्जात लिहिलं होतं की जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख रक्कम भरू द्यावी, म्हणून वाचलो. हे वकिलाला आधी सांगून ठेवा. आणि सातबारा, आठ अ, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, फोटो, हे जामीनदाराचे कागद जामिनाच्या सुनावणीच्या आधीच गोळा करा, निकाल लागल्यावर नव्हे. पैसेच नसतील तर केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तेव्हा ४० हजारांपर्यंत मदत होती. काही कायद्यांखालच्या गुन्ह्यांना ती मिळत नाही, पण विधी सेवाच्या ऑफिसात विचारावं. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्येच सांगून ठेवलंय की जामिनाचा आदेश त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात गेला पाहिजे, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाने विधी सेवाला कळवायचं. महिना उलटूनही जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. हे माहीत असलेला माणूस खिडकीवर जरा वेगळ्या आवाजात बोलतो.

आमचा सुटकेचा कागद संध्याकाळी जामीन पेटी (सुटकेचे आदेश टाकायची तुरुंगाची पेटी) उघडून झाल्यावर पोचला. वीस मिनिटांनी हुकला. आणखी एक रात्र. मी आणि दादा एसटी स्टँडवर बसून काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते छोट्या दारातून वाकून बाहेर आले. हातात प्लास्टिकची पिशवी, अटकेच्या वेळी जमा केलेलं घड्याळ (पावती जपून ठेवा), पीपीसीतले उरलेले ३१० रुपये. घड्याळ बंद पडलं होतं.

आता सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी असते, तीही वहीत, सहीसकट. ते पहाटे पाचला उठतात आणि अंथरुणावर बसून राहतात. जेवायला बोलावल्याशिवाय ताटावर येत नाहीत. आतल्या दिवसांबद्दल एक शब्द नाही. मीही विचारत नाही, सतरा महिने विचारून झालंय.

परवा रात्री ती बाई दोन तास बसली. मी सांगत होते, तिचा दीर मोबाईलवर लिहून घेत होता. मी त्याला म्हटलं, मोबाईल गेटवर ठेवावा लागेल, वही घे. हे आतल्या खोलीत होते, दिवा बंद. मला वाटलं झोपले. ती बाई उठली, चपला घालायला लागली, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"त्याला चष्मा लागतो का?" त्यांनी विचारलं.

ती गोंधळली. "व्हय. वाचायचा."

"मग नंबरचा कागद उद्या सकाळीच वकिलाकडे द्या," ते म्हणाले, आणि परत आत गेले.